इथं कोणी ओरिसिया राहत नाही

पोस्टानं घरी येणारं मतदानाचं कार्ड आलं नाही, तेव्हाच ओरिसियानं ओळखलं की हे कोणीतरी मुद्दाम केलेलं आहे. पोस्टाची चूक बिक तिला पटण्यातली गोष्ट नव्हती. समोरच्या तीन मजली इमारतीत दर सहा महिन्यांनी भाडेकरू बदलतात, कोण येतं कोण जातं याचा घरमालकालाही पत्ता नसतो, आणि तिथल्या पत्रपेट्यांतून कार्डं जिभा काढल्यासारखी बाहेर लोंबत होती. शेजारच्या व्हर्नाच्या पेटीतही एक होतं. ओरिसियानं स्वयंपाकघरातल्या खिडकीचा पडदा दोन बोटं सारून ते पाहिलं होतं. मग आपल्याच पेटीत काय म्हणून नाही? विनिपेगच्या या उत्तर भागात, रेल्वेयार्डाच्या अलीकडे, बावन्न वर्षं एका घरात राहिलेली ती एकटी. बाकीचे सगळे नदीपलीकडे गेले, नव्या वस्त्यांतून, दोन-दोन गाड्यांची गॅरेजं असलेल्या घरांत. ती राहिली. एकोणऐंशी वर्षांची झाली तरी पायरीवरचा बर्फ स्वतः ओढते. आणि मतदान तिनं एकदाही चुकवलं नव्हतं. लारिसा पोटात होती तेव्हासुद्धा, नववा महिना, घोट्यापर्यंत चिखल, तरी गेली होती. केंद्र उघडायच्या आत दाराशी उभं राहायचं, ही तिच्या बापाची रीत. बाप त्या दिवशी लग्नातला कोट घालायचा. वर्षभर तो कोट कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास खात पडायचा, आणि मताच्या दिवशी सबंध गल्लीला त्या वासावरून कळायचं की इव्हान निघाला.

कोणी केलं असेल? पहिला संशय लारिसावर. पोटची मुलगी, शाळेत शिकवते, आणि शिकवता शिकवता घरच्यांनाही शिकवायची सवय लागलेली. ओरिसियाच्या अंगणात तिच्या पक्षाची निळी पाटी होती, लारिसाच्या अंगणात लाल. व्हर्नाच्या अंगणात केशरी. निवडणूक आली की या देशात माणसं आपलं पोट उघडं करून गवतात रोवतात, आणि मग महिनाभर एकमेकांच्या पाटीकडे न बघता नमस्कार करतात. आईचं मत निळ्यांना जातं हे लारिसाला सलत होतं. पण ती कार्ड लपवण्याइतकी? ओरिसियानं हा विचार बाजूला ठेवला, पण टाकून दिला नाही. वस्तू टाकून द्यायची तिला सवय नव्हती. दुसरा संशय नव्या पोस्टवालीवर, कारण ती कानात काहीतरी घालून स्वतःशीच हसत चालायची. तिसरा व्हर्नावर. व्हर्नावरचा संशय जुना होता, बसून बसून मऊ झालेल्या खुर्चीसारखा; कुठलीही गोष्ट झाली की ओरिसिया आधी त्यात टेकून बघायची.

तशी ती व्यवस्थेची बाई. नवरा स्टेपान गेला त्याला एकोणीस वर्षं झाली, पण विजेचं बिल, गॅसचं बिल, घराचा कर, टेलिफोन, सगळं अजून त्याच्याच नावावर. हे काही विसरून नाही. एकट्या बाईचं नाव बिलावर दिसलं की कोणाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. स्टेपान हुमेन्यूक म्हटलं की घरात एक पुरुष बसलाय असं वाटतं, यार्डात इंजिनं जोडणारा, मनगटं खांबासारखी. लोकांना काय कळतंय तो कुठं बसलाय ते. आणि तिची स्वतःची पत्रं, पेन्शनची, बँकेची, ती सगळी नदीपलीकडे लारिसाच्या पत्त्यावर जात. पत्रपेट्या फोडून लोक दुसऱ्याच्या नावानं पैसे काढतात हे तिनं रेडिओवर ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवशी पत्ता बदलून घेतला. तिचं नाव आणि इथला पत्ता असलेला एकच कागद, गाडीचा परवाना, तो मोतीबिंदूच्या वेळी गेला. ‘आईनं स्वतःभोवती किल्ला बांधलाय,’ लारिसा म्हणायची. ओरिसियाला ते बोलणं आवडायचं.

लारिसाशी भांडण झालं ते त्याआधीच्या एका रविवारी, जेवताना. तिनं भात आणि मांस भरून कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या केल्या होत्या, वर आंबट साय, शेपू. लारिसानं एक खाल्ली आणि काटा खाली ठेवला. काटा खाली ठेवला की पुढं काय येणार हे आईला ठाऊक असतं.

“आई, तुझा तो उमेदवार म्हणतो, कागद नाही तर मत नाही. शेजाऱ्यानं हमी द्यायची सोयही काढून टाकणार म्हणे.”

“मग काय चुकलं त्याचं? कोणीही उठायचं, शेजाऱ्याला बरोबर आणायचं, शेजारी म्हणणार मी याला ओळखतो, झालं. हे काय लग्नाचं आमंत्रण आहे?”

“अगं, शपथेवर असतं ते. आणि एका माणसाला एकाचीच हमी देता येते. त्याच भागातला मतदार पाहिजे.”

“शपथ! शपथा मी पुष्कळ ऐकल्यात. तुझ्या मामानं दारू सोडायच्या किती घेतल्या?”

“ज्याला घर नाही, ज्याची बॅग चोरीला गेली, त्याचं काय? त्यानं नागरिक असायचं थांबायचं?”

“कागद सांभाळायला काय होतं? मी सांभाळले ना?”

“आजोबांचं मत याच देशानं काढून घेतलं होतं. तू हे बोलावंस?”

“म्हणूनच बोलते,” ओरिसिया म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्याच्यापेक्षा मोठा निघाला. “जिच्या बापाला ते कमवावं लागलं तिनंच बोलावं. तुला आयतं मिळालंय, तू वाटत फीर.”

“उद्या तुझ्यावरच वेळ आली तर?”

“आपल्याकडे कागद आहेत,” ती म्हणाली. “खा. गार होतंय.”

बापाचं मत गेलं होतं हे खरं. पण बाप त्याबद्दल कधी बोलला नाही, आणि न बोललेली गोष्ट घरात जास्त जागा व्यापते. पहिल्या महायुद्धात तो बावीस वर्षांचा, काम सुटलेलं, आणि ज्या मुलखातून आला त्याचा राजा शत्रूकडचा, एवढ्यावरून त्याला उचलून तारेच्या कुंपणात टाकलं. सुटल्यावर एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. दर महिन्याला चौकीवर जायचं, नाव सांगायचं, शिक्का घ्यायचा. ते कार्ड ओरिसियानं लहानपणी एकदाच पाहिलं, पिठाच्या डब्याच्या तळाशी, आणि तिला वाटलं ते कसलं तरी बक्षीस आहे, इतके शिक्के. बाप एवढंच शिकवून गेला: हातात कागद घेऊन कोणी दाराशी आला तर नाव सांगायचं नाही. नाव एकदा त्यांच्या कागदावर गेलं की ते आपलं राहत नाही. बाप जुन्या पोपलरच्या झाडासारखा उंच होता, आणि दाराची कडी वाजली की दोन बोटं पडद्यात घालून आधी बघायचा. ती दोन बोटं ओरिसियाला तशीच्या तशी मिळाली होती, नखांच्या आकारासकट. सप्टेंबरात असाच एक आला होता, गळ्यात बिल्ला, हातात पाटी आणि यादी, तोंडावर साखर. तिनं साखळी न काढताच त्याला वाटेला लावला. त्याचे बूट फार स्वच्छ होते. या गल्लीतून चालत आलेल्या माणसाचे बूट इतके स्वच्छ असतात का?

आणि मग तो माणूस आला, व्हर्नाकडे. मतदानाच्या दहा दिवस आधी, भर दुपारी, ओरिसिया भांडी घासत होती. शेजारी, व्हर्नाच्या पायरीवर, पन्नाशीचा एक माणूस बसलेला, केस पाठीवर, पायाशी एक मोठी काळी पिशवी. हलेना, उठेना. सिगारेट नाही, फोन नाही, नुसता बसलेला. काही न करणारा माणूस तिला खपायचा नाही; जो काही करत नाही तो कशाची तरी वाट बघत असतो. तासभर तिनं बघितलं. मग पोलिसांना फोन लावला.

“आपलं नाव?”

“नाव कशाला हवंय तुम्हाला? माणूस तिकडं बसलाय, मी नाही.”

दोघेजण आले. त्याला उठवलं, हात कुंपणावर ठेवायला सांगितले, पिशवी उलटी केली. एक ब्लँकेट पडलं, एक बूट, आणि बिस्किटांचा पुडा. कुठं राहतोस? इथं. कागद दाखव. कागद नाही. मग आतून व्हर्ना आली, घरातल्या चपला घालूनच, केसांना रंग लावलेला तो अर्धा तसाच, कानावर ओघळ. ती ओरडली नाही. ओरिसियाला अपेक्षा होती ओरडण्याची, खिडकी थोडी उघडीही ठेवली होती. पण व्हर्ना इतक्या खालच्या आवाजात बोलली की शब्द ओळखीचे होते म्हणूनच ऐकू आले. “माझा भाऊ आहे. रॉडरिक फ्लेट. मी सांगते ना, माझा भाऊ आहे.” पोलिसानं तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, दोन तोंडांची नाकं जुळतात का ते बघावं तसं. “हा इथं राहतो याचा काही पुरावा?” “मी आहे ना,” व्हर्ना म्हणाली. ते गेले. रॉडरिकनं बिस्किटांचा चुरा गोळा केला. आणि व्हर्ना जाता जाता थांबली, मान वळवली, थेट या खिडकीकडे. ओरिसिया भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हातातून साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. तिनं पाहिलं नसणार. पडदा जाड होता, स्टेपाननं आणलेला, बाहेरून आतलं काही दिसत नाही याची दोघांनी रस्त्यावर उभं राहून खात्री केली होती. तरी त्या दिवसापासून तिला झोपेत कोणीतरी आपल्याकडे बघत असल्यासारखं वाटायचं, आणि जाग आली की खोलीत नुसता घड्याळाचा आवाज. दोन दिवसांनी कार्ड आलं नाही हे लक्षात आलं. मग काय, जुळलंच की सगळं. त्या पायरीवरून तिच्या पत्रपेटीपर्यंत हात लांब करायचीसुद्धा गरज नव्हती. सूड. आणि वर हा भाऊ, कागद नसलेला. ह्याला आता व्हर्ना हमी देऊन मत टाकायला लावणार. एक मत वाढवणार, एक मत कमी करणार. हिशेब किती सरळ, ओरिसियाच्या मनात आलं, आणि स्वतःच्या हुशारीचं तिला थोडं बरं वाटलं.

मतदानाच्या दिवशी, सोमवारी, ती केंद्र उघडायच्या वेळी गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. पोस्टवालीची वाट बघत बसली, की कदाचित आज. दुपारी एकला पोस्टवाली आली, हसत, आणि पिझ्झाची जाहिरात टाकून गेली. मग ओरिसियानं काळा कोट घातला, गळ्याशी आईचा चांदीचा बिल्ला लावला, पिशवीत सगळे कागद भरले आणि निघाली. केंद्र चर्चच्या तळघरात होतं. तिच्याच चर्चच्या. हे तिला नेहमी बरं वाटायचं, परक्या ठिकाणी जावं लागत नाही. चाळीस वर्षं दर शुक्रवारी तिनं या तळघरात बायकांबरोबर बसून बटाट्याच्या करंज्यांच्या कडा चिमटल्या होत्या, हजारांनी, गोठवून विकायला. अजून भिंतींना लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास होता. आणि ते टेबल, ज्यावर आता पुठ्ठ्याच्या आडोशांमागं माणसं वाकून फुल्या मारत होती, त्याच्या उजव्या कोपऱ्याला तिच्या लाटण्यानं पडलेला खड्डा होता. चिमटणाऱ्या बायका मात्र आज कोणी नव्हत्या. त्या शुक्रवारी गाड्या करून येतात, नदीपलीकडून. त्यांची केंद्रं तिकडं. इथं जे रांगेत होते त्यातलं एकही तोंड तिच्या ओळखीचं नव्हतं. म्हणजे ओळखीची होती सगळी. तिनं त्यांना रोज पाहिलं होतं, कोण कधी कामाला जातो, कोणाचं बाळ रात्री रडतं, कोणाच्या दाराशी कुठली गाडी येते. पण त्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तशीच तर तिची व्यवस्था होती.

टेबलामागची बाई फिलिपिनो होती, छातीवर नाव: मारिसेल. पट्टी ठेवून तिनं यादीत बोट फिरवलं, परत फिरवलं.

“नाव नाही, आजी.”

“नीट बघ. हुमेन्यूक. ह पासून.”

“ह बघितला. तुमच्या घरात कोणाचंच नाही. काळजी करू नका, आत्ता घालता येतं. नाव आणि पत्ता असलेलं ओळखपत्र द्या.”

ओरिसियानं पिशवी उलटी केली. विजेचं बिल पुढं केलं.

“हे स्टेपान हुमेन्यूक यांचं. ते आलेत का बरोबर?”

“एकोणीस वर्षं ते कुठं आलेले नाहीत.”

मारिसेलनं बिल हळूच परत सरकवलं. मग पेन्शनचं पत्र उचललं, आणि चेहरा उजळला, मग पुन्हा मावळला. “नाव तुमचं आहे. पण आजी, या कागदाप्रमाणे तुम्ही नदीपलीकडे राहता. तुमचं केंद्र हे नाही.”

“मी नदीपलीकडे राहते? मी?” मागच्या रांगेत कोणीतरी पाय बदलला. ओरिसियाला तो आवाज पाठीवर मारल्यासारखा लागला. राहते एकीकडे आणि मत टाकायला येते दुसरीकडे, असल्या लोकांबद्दल ती स्वतः किती बोलली होती. “या टेबलाला विचार मी कुठं राहते. तू कधी आलीस गं या देशात?”

“अकरा वर्षं झाली. नागरिकत्वाची शपथ घेतली त्याला सहा,” मारिसेल म्हणाली. तिला राग आला नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं. “थांबा, मी कार्यालयात विचारते, नाव कधी गेलं.” ती फोनवर बोलली, हं, हं करत राहिली, मग फोनवर तळवा ठेवून, आवाज कमी करून, जणू डॉक्टरनं सांगावं तशी म्हणाली, “सप्टेंबरच्या सतरा तारखेला, आजी. यादी पडताळायला आमचा माणूस घरी आला होता. घरातल्या बाईंनी सांगितलं, या नावाचं इथं कोणी राहत नाही.”

“कोण बाई?”

“ते नाही लिहिलेलं. दार पुरतं उघडलं नाही एवढंच लिहिलंय. आतून बोलल्या.”

तळघरातला दिवा थोडा गुणगुणत होता. ओरिसियाला ते आता ऐकू आलं, आणि मग दुसरं काही ऐकू येईना. साखळी. साखळीच्या फटीतून दिसणारे ते स्वच्छ बूट. ‘ओरिसिया हुमेन्यूक आहेत का?’ बूट किती नवे, ते बघताना तिचा आवाज तिच्या आधीच बाहेर गेला होता, बापाच्या आवाजासारखा, जाडा: ‘कोण ओरिसिया? इथं कोणी ओरिसिया राहत नाही.’ आणि मग पडद्याआडून तो जाताना बघत तिनं चहा प्यायला होता, साखर जास्त घालून, जिंकल्यासारखी. इतके दिवस ती ज्याला शोधत होती तो माणूस तिच्याच स्वयंपाकघरात बसून चहा पीत होता. तिनं घाईघाईनं दुसऱ्या कोणावर तरी ते ढकलायचा प्रयत्न केला, त्या बुटांवर, सरकारवर, बापावर. पण ते जिथं होतं तिथंच राहिलं. किल्ला सगळा जागच्या जागी होता. फक्त आत कोणी नव्हतं. तिला वाटलं, तिचं नाव पत्त्यासकट असलेली एकच जागा आता जगात उरली, कब्रस्तानातला तो दगड, स्टेपानशेजारी, जन्मसाल कोरून पुढं एक आडवी रेघ ओढून ठेवलेला. तो काही पिशवीत घालून आणता येण्यासारखा नव्हता.

“एक मार्ग आहे,” मारिसेल म्हणत होती. “या भागातला कोणी मतदार, जो तुम्हाला ओळखतो, त्यानं शपथेवर सांगायचं. हमी. इथं कोणी आहे का ओळखीचं? मुलगी?”

“मुलगी नदीपलीकडे.”

“मग चालणार नाही. शेजारी?”

ती बाकावर जाऊन बसली. केंद्र संध्याकाळी साडेआठपर्यंत उघडं होतं. माणसं येत होती, नाव सांगत होती, किती सहज, जणू नाव हे खिशातलं चिल्लर. आणि तिला असं वाटायला लागलं की सगळ्यांना माहीत आहे. की ही बाई इथं बसली आहे ती फुकटचं मत मागायला. एकानं तिच्याकडे बघून मान हलवली आणि तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. उठून घरी जावं. एक मत. कोणाचं काय अडतं? पण घरी गेली तर तो सतरा तारखेचा शब्द खरा होईल. तिथं कोणी ओरिसिया राहत नाही, हे मग कायमचं लिहिलं जाईल, आणि तेही तिच्याच तोंडचं. मत गेलं असतं एक वेळ. पण ती आहे, हे त्या यादीवर यायला हवं होतं. तिच्या मनात आलं, बाप कोट घालून पहाटेच दाराशी का उभा राहायचा ते आत्ता कळलं. मत टाकायला नाही, आपण अजून यादीत आहोत का ते बघायला.

तीन वाजता व्हर्ना आली. बरोबर रॉडरिक, केस नीट विंचरलेले, बूट दोन्ही. ओरिसिया बाकावरून अर्धी उठली आणि परत बसली. अर्थातच. एकाला एकाचीच हमी. व्हर्ना आपला शब्द भावासाठी घेऊन आली आहे, जसा कोणी एकच तिकीट घेऊन येतो. मागून काय उपयोग? आणि मागायचं कोणाकडं? रॉडरिक टेबलाशी गेला. ओरिसिया कान टवकारून बसली. निदान कसं खोटं बोलतात ते तरी ऐकू. पण त्यानं जॅकेटच्या आतून प्लास्टिकचं एक पाकीट काढलं, त्यातून घडी न घातलेला कागद, आणि त्याच्या आदिवासी जमातीचं ओळखपत्र. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडली. तो दुपारचा जेवतो त्या अन्नछत्राचं पत्र होतं, हा माणूस या या पत्त्यावर राहतो असं, सही, शिक्का.

“वा, सगळं तयार,” मारिसेल म्हणाली.

“व्हर्ना म्हणत होती मी हमी देते,” रॉडरिक म्हणाला. त्याचा आवाज आश्चर्य वाटावं इतका बारीक होता. “म्हटलं नको. मागं पोलिस आले होते ना, कोणीतरी बोलावले. त्या दिवसापासून कागद खिशातच ठेवतो. दर वेळी ही चपला घालून कुठवर धावत येणार?”

व्हर्ना हसली. त्याच क्षणी ओरिसियाला कळलं की उठायची वेळ हीच आहे. तिच्या एका फोनमुळं याच्या खिशात कागद आला, आणि त्याच्या खिशात कागद आला म्हणून व्हर्नाचा शब्द मोकळा राहिला. देव असली थट्टा करतो यावर तिचा विश्वास नव्हता. पण दुसरं कोण करणार? ती उठली. एकतीस वर्षांत ‘फ्लेटबाई’ किंवा ‘ती’ याशिवाय तिनं काही म्हटलं नव्हतं.

“व्हर्ना,” ती म्हणाली.

व्हर्ना वळली. बाकी काही सांगावं लागलं नाही. मारिसेलनंच सांगितलं, यादी, सतरा तारीख, सगळं, आणि प्रत्येक शब्द ओरिसियाच्या कोटाचं एकेक बटण काढावं तसा. व्हर्ना ऐकत होती. तोंडावरची रेघ हलली नाही. रॉडरिक म्हणाला, “खिडकीवाल्या आजी ना या?” आणि व्हर्नानं त्याच्या दंडावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

“खोटी हमी दिली तर गुन्हा आहे, दंड होतो, तुरुंगही,” मारिसेलनं कागदावरून वाचलं. “तुम्ही या बाईंना ओळखता?”

व्हर्ना ओरिसियाकडे वळली. ओरिसियानं तिच्या डोळ्यांत बघायचं टाळलं आणि टेबलाच्या कोपऱ्यातल्या त्या लाटण्याच्या खड्ड्याकडे बघत राहिली. आता ती म्हणेल, नाही. आणि ते खोटंही असणार नाही. एवढ्या वर्षांत आपण हिला एकदाही घरात घेतलं नाही. आपल्या कुंपणावरच्या रासबेरीसुद्धा हिच्या हाताला लागू नयेत म्हणून आपण तारेची जाळी लावली. हिनं नाही म्हणावं, असं तिला एका बाजूनं वाटलंही. म्हणजे संशय तरी खरा निघाला असता.

“ओळखते,” व्हर्ना म्हणाली. “नको इतकी ओळखते.”

“त्या पत्त्यावर राहतात, याची खात्री आहे?”

“एकतीस वर्षं. रोज सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरातला पडदा हलतो. दोन बोटं दिसतात. मग दहाला, मी कामावर निघते तेव्हा. मग माझ्याकडे कोणी आलं की. ख्रिसमसला पण. पडदा नाही हलला तर मी बघायला जाणार आहे, मेली की काय.” तिनं पेन घेतलं. “ही तिथंच राहते. माझ्याइतकी खात्री कोणाला असणार? सही कुठं?”

रांगेत कोणीतरी हसलं. ओरिसियाचे कान तापले, अगदी पाळ्यांपर्यंत. म्हणजे दिसत होतं. स्टेपान आणि ती दोघांनी रस्त्यावर उभं राहून खात्री केली होती, ती सगळी खोटी. सगळी वर्षं तिला वाटत होतं ती बघते आहे. मारिसेलनं तिच्यापुढं कागद सरकवला. “आता तुम्ही लिहा. नाव. पत्ता.” ओरिसियानं लिहिलं. अक्षर लहान मुलासारखं आलं, कारण हे नाव तिनं अनोळखी कागदावर किती वर्षांत लिहिलं नव्हतं ते तिलाच आठवेना. पुठ्ठ्याच्या आडोशामागं पेन्सिल दोरीला बांधलेली होती. चार नावं, चार वर्तुळं. निळ्यांचा माणूस पहिल्यापासून दुसरा. ज्यानं ही हमी काढून टाकणार म्हणून सांगितलं होतं तो. तिचा हात सवयीनं तिकडं गेला, आणि तिथं थांबला. बराच वेळ ती तिथं उभी होती. मारिसेलनं एकदा विचारलं, आजी, दिसतंय ना? दिसतंय, ती म्हणाली. कुठं फुली मारली हे तिनं लारिसालाही कधी सांगितलं नाही, आणि लारिसानं विचारलं तेव्हा म्हणाली, ते मला माहीत आणि त्या पुठ्ठ्याला माहीत, तेवढ्यासाठीच तर तो उभा केलेला असतो.

बाहेर पायऱ्यांवर पातळ बर्फ धरला होता. रॉडरिकनं कोपर पुढं केलं. तिनं ते धरलं, कारण नाहीतर पडली असती. तिघं चालत गेली. तिला राहून राहून वाटत होतं की आता हे काहीतरी मागतील. जाळी काढ म्हणतील. माफी माग म्हणतील. निदान ‘पोलिस कोणी बोलावले होते’ एवढं तरी विचारतील. तिनं उत्तरं तयार केली, एक नरम, एक कडक. निळ्या आणि केशरी पाट्यांच्या मधोमध व्हर्ना थांबली.

“हुमेन्यूकबाई,” ती म्हणाली, “मी काही तुमच्यासाठी नाही केलं. खरं होतं म्हणून सांगितलं.” आणि आत गेली, दार लावून घेतलं. ओरिसियाला ते बोलणं बराच वेळ कळेना. फुकट दिलेल्या गोष्टीत काहीतरी लपवलेलं असतंच. कुठं लपवलंय?

रात्रभर तिनं ते शोधलं. सकाळी सहाला ती नेहमीसारखी स्वयंपाकघरात आली, दिवा न लावता, थंड फरशीवर अनवाणी. बाहेर अजून अंधारच होता, पण व्हर्नाच्या खिडकीत पिवळा उजेड होता आणि त्यात कोणीतरी पाठमोरं उभं होतं, किटली भरत असावं. ओरिसियानं हात वर केला, दोन बोटं पडद्याच्या कडेला लावली, आणि थांबली. हलवला तर तिला कळणार की मी बघते आहे. नाही हलवला तर ती येणार, चपला घालून, दार ठोठावणार, हाक मारणार, नावानं. ओरिसिया आहे का? तिला आपल्याच काळजाचे ठोके त्या दोन बोटांत लागत होते. सहा वाजून एक मिनिट. दोन. पलीकडची आकृती वळली, आणि किटली हातात धरून तशीच उभी राहिली, इकडं तोंड करून, वाट बघत. तीन मिनिटं.

ओरिसियानं पडदा सारला. पूर्ण नाही. दोन बोटांपेक्षा थोडा जास्त.